यौवनलोपी ग्रंथीचे चुकलेले माप

मराठी वैद्यकीय परिभाषा घडविणाऱ्यांनी 'थायमस' ह्या ग्रंथीस 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव दिले आहे. परिभाषेतील पुष्कळ शब्दांची आपण थट्टा करतो, आणि काही अंशी ती रास्तही असते. परंतु हे नाव आम्हांस मूळ ग्रीक नावाहूनही सरस वाटते. ग्रीक शब्दाचा अर्थ लावताना विद्वानांत अद्यापि दोन तट आहेत. थाइम नावाच्या सुगंधी झुडपाच्या फुलोऱ्यासारखी ती दिसते म्हणून हे नाव, असे कोणी म्हणतात. हृदयाच्या इतक्या निकट असल्यामुळे तीत प्राणाचे अथवा धैर्याचे अधिष्ठान कल्पिले गेले, असे दुसरे सांगतात. मराठी नाव ह्या वादात पडत नाही. ही ग्रंथी यौवनात लोप पावते, एवढेच ते सांगते. तिच्या अर्बुदांचे निदान करताना वैद्यांची जी फसगत वारंवार झाली, तिचे मूळ ह्या एवढ्याशा गोष्टीत आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या आवरणास टेकून ही दोन पाळ्यांची मऊ ग्रंथी असते. जन्मतः तिचे वजन साधारणपणे पंधरा ग्रॅम भरते. वयात येईपर्यंत ती वाढून तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत जाते आणि तेथून पुढे हळूहळू तिची जागा चरबी घेते. साठीच्या माणसाच्या छातीत ती शोधून काढावी लागते. लहान जनावरात ती मोठी असते व वयाबरोबर लहान होते, हे दुसऱ्या शतकातील गेलनलाही ठाऊक होते. आता, अर्बुद म्हणजे अवाजवी वाढ. आणि वाढ अवाजवी आहे हे सांगावयाचे तर वाजवी किती, हे आधी माहीत असावे लागते. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अडवीत नाही. थायमसच्या बाबतीत मात्र ह्या एका प्रश्नाने तीनशे वर्षे वैद्यकास चकविले, आणि त्याचे मोल तान्ह्या मुलांनी दिले.

सन १६१४ मध्ये बाझल येथील फेलिक्स प्लाटर ह्या वैद्याने पाच महिन्यांच्या एका मुलाच्या आकस्मिक मृत्यूची हकिकत प्रसिद्ध केली. शव उघडल्यावर त्यास गळ्याच्या मुळाशी फुगलेली मोठी ग्रंथी आढळली, आणि तिनेच श्वासनलिका दाबून मूल गुदमरले असे त्याने ठरविले. रात्री पाळण्यात निजविलेले मूल सकाळी मेलेले आढळावे, ह्याहून दारुण प्रसंग घरावर येत नाही. अशा वेळी कारण हवे असते. कारण सापडल्याने दुःख हलके होत नाही, पण आईबापांच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनातील संशय तरी मिटतो. प्लाटरने सांगितलेले कारण टिकले त्याचे एक रहस्य हेच असावे. १८३० मध्ये कोप् नावाच्या जर्मन वैद्याने ह्या समजुतीस 'थायमसचा दमा' असे नाव देऊन तिला ग्रंथांत स्थान मिळवून दिले. १८५८ मध्ये फ्रांकफुर्टच्या फ्रीडलेबेनने ग्रंथीचा सविस्तर अभ्यास करून असला दमा मुळीच अस्तित्वात नाही, असे निक्षून सांगितले, आणि काही काळ लोकांनी ते ऐकलेही.

परंतु १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टौफने जुनीच समजूत नव्या वेषात आणली. ग्रंथी श्वासनलिका दाबते हा आग्रह त्याने सोडला. मोठी थायमस व सुजलेल्या लसिकाग्रंथी ही एका विशिष्ट दुबळ्या प्रकृतीची खूण होय, आणि अशा प्रकृतीची माणसे क्षुल्लक निमित्ताने, थंड पाण्यात उतरताना किंवा भूल घेताना, एकाएकी मरतात, असे त्याचे म्हणणे. ह्या प्रकृतीस 'स्टेटस थायमिकोलिंफॅटिकस' हे भारदस्त लॅटिन नाव मिळाले. अशा नावांचा एक गुण आहे. ती उच्चारली गेली की समोरच्यास पुढचा प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही. क्लोरोफॉर्मखाली दगावलेल्या रोग्यांच्या चौकशीत इंग्लंडात हे नाव वारंवार येऊ लागले. रोग्याची प्रकृतीच तशी होती, असे ठरले म्हणजे भूल देणाराही सुटला आणि चौकशी करणाराही.

ही माणसे अडाणी किंवा आळशी नव्हती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांनी शवे उघडून पाहिली होती, ग्रंथी कापून तोलल्या होत्या. अकस्मात मेलेल्या मुलाची थायमस पुस्तकातील थायमसहून दुप्पट-तिप्पट मोठी भरत होती, हे त्यांचे निरीक्षण अगदी खरे होते. खोटे होते ते पुस्तक. वैद्यकशाळांना शवे मिळत ती गरिबांची. इंग्लंडात पूर्वी फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते शाळांना देत. ती पुरेनात, थडगी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा धंदा बोकाळला, तेव्हा १८३२ साली कायदा झाला आणि गरीबखान्यांत व इस्पितळांत मेलेल्या बेवारस माणसांची शवे शाळांकडे जाऊ लागली. ही माणसे एकाएकी मेलेली नसत. ती क्षयाने, जुलाबाने, वर्षानुवर्षांच्या उपासमारीने झिजत झिजत मेलेली असत. आणि थायमस ही शरीरातील अत्यंत हळवी ग्रंथी. घरावर संकट आले की आधी दागिने मोडावेत तसे शरीर प्रथम हिला मोडते. १९३६ साली मॉन्ट्रिअल येथे हान्स सेल्ये ह्याने उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की कसलाही जबर ताण पडला तरी अधिवृक्क ग्रंथी फुगते आणि थायमस आक्रसते. अधिवृक्क ग्रंथीतून पाझरणारी द्रव्येच थायमसमधील पेशींचा नाश करतात, हे आता आपणांस ठाऊक आहे. थोड्या दिवसांच्या तीव्र तापानेही ती पुष्कळ लहान होते. मग अर्धपोटी काढलेल्या बालपणाने काय होत असेल?

तेव्हा शवविच्छेदनाच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या जी थायमस 'प्राकृत' म्हणून नोंदली गेली ती उपाशी मुलांची थायमस होती. आणि जी रोगट म्हणून नोंदली गेली ती धडधाकट, खात्यापित्या घरच्या मुलाची, झिजण्यास अवधीच न मिळालेली थायमस होती. आम्हां नोकरीतल्या माणसांस हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. एखाद्या तालुक्याची आणेवारी ठरविताना कोणी दुष्काळी सालचे पीकच सोळा आणे धरून बसला, तर पुढच्या सुकाळात प्रत्येक शेत संशयास्पद दिसू लागेल, आणि एखादा दक्ष अधिकारी अवाजवी पिकाचे कारण विचारणारा कागदही धाडील! फरक इतकाच की तेथे कागदावर भागले असते.

येथे कागदावर भागले नाही. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले, आणि जिवंत मुलाच्या छातीतील थायमसची छाया डोळ्यांनी पाहता येऊ लागली. ती छाया रुंद दिसे. तान्ह्या मुलाची, विशेषतः ते रडताना श्वास सोडीत असेल तर, रुंद दिसणारच. १९०७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे आल्फ्रेड फ्रीडलँडर ह्याने मोठ्या थायमसवर क्ष-किरणांचाच मारा करून ती आटविता येते असे दाखविले. थायमसमधील पेशी ह्या किरणांपुढे क्षणभर टिकत नाहीत, त्यामुळे छाया लहान होत असे व मूल पुढे सुखरूप वाढत असे. रोग नव्हताच, म्हणून उपचार हमखास यशस्वी! आईबाप डॉक्टरांचे उपकार मानून घरी जात. काही ठिकाणी टॉन्सिल काढण्यापूर्वी खबरदारीचा उपाय म्हणूनही असा मारा करीत. अमेरिकेत ही चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली.

आश्चर्य असे की चूक दाखवून देणारेही त्याच वेळी उभे होते. उप्सालाचा स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ आउगुस्ट हामार ह्याने १९०६ मध्येच अपघाताने, म्हणजे चांगल्या प्रकृतीत असता, मेलेल्यांच्या थायमसची वजने वयवार मांडून खरे माप पुढे ठेवले होते, आणि पुढे वीस वर्षे तो तेच काम करीत राहिला. महायुद्धात मेलेल्या तरुण सैनिकांच्या शवांतही थायमस अपेक्षेहून पुष्कळ मोठी आढळली. ब्रिटनमध्ये १९२६ च्या सुमारास ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिने ठिकठिकाणच्या वैद्यांकडून शेकडो शवांची मापे मागविली आणि १९३१ साली यंग व टर्नबुल ह्यांनी त्या आकड्यांची छाननी करून अशा नावाची काही विकृती अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, असा अभिप्राय दिला. समितीचा अहवाल इतका स्पष्ट असूनही समुद्रापलीकडे मारा चालूच राहिला. अहवाल प्रसिद्ध होणे आणि वहिवाट बदलणे ह्यांत किती अंतर असते, हे आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावे?

थायमसच्या वर, गळ्याच्या पुढील भागात अवटू ग्रंथी असते. तान्ह्या मुलाचा देह तो केवढा. छातीवर सोडलेले किरण गळ्यावर पडावयाचेच. १९५० साली न्यूयॉर्कमधील डफी व फिट्झजेराल्ड ह्या वैद्यांनी अवटू ग्रंथीचा कर्करोग झालेल्या अठरा वर्षांखालील अठ्ठावीस मुलांचे कागद तपासले. मुलांत हा रोग विरळा. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांच्या थायमसवर तान्हेपणी मारा झालेला होता. १९५५ मध्ये सिंप्सन, हेंपलमान व फुलर ह्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात असा मारा झालेली मुले शोधून, त्यांची तुलना त्यांच्याच मारा न झालेल्या भावंडांशी केली. ही तुलना आम्हांस फार मार्मिक वाटते. घर तेच, अन्न तेच, आईबाप तेच. फरक एवढाच की एका मुलाची छाया रुंद ठरली होती. मारा झालेल्या मुलांत अवटूचा कर्करोग व रक्ताचा कर्करोग नि:संशय अधिक निघाला. पुढे ह्या मुलांवर दशकानुदशके लक्ष ठेवण्यात आले, आणि अर्धशतक उलटल्यावरही त्यांच्यातील धोका पुरता सरलेला आढळला नाही. नसलेल्या विकृतीवरील उपचाराने खरी अर्बुदे निर्माण केली, ती अशी.

ह्या सर्व काळात थायमसची स्वतःची खरी अर्बुदेही होतीच. मात्र ती विरळा, आणि ज्यांस सापडली त्यांस गोंधळात टाकणारी. 'थायमोमा' हे नाव १९०० च्या सुमारास रूढ झाले, पण ते एखाद्या पोत्यासारखे होते. थायमसच्या जागी जी गाठ सापडेल ती त्यात टाकावी. अमेरिकेतील अर्बुदशास्त्राचे अध्वर्यू जेम्स यूइंग ह्यांनी १९१६ मध्येच कबुली दिली की वर्गीकरणाच्या प्रयत्नांस ह्या ग्रंथीच्या अर्बुदांइतके दाद न देणारे दुसरे काही नाही. यूइंग हे कोणाही पुढे हार मानणारे गृहस्थ नव्हते, म्हणून ह्या कबुलीचे महत्त्व विशेष.

ह्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. थायमसमध्ये दोन जातींच्या पेशी एकमेकींत विणलेल्या असतात: एक अस्तराच्या जातीच्या, ग्रंथीचा सांगाडा बनविणाऱ्या, दुसऱ्या बारीक, गोल, असंख्य अशा लसिकापेशी. अस्तर-पेशींची कांद्याच्या पाकळ्यांसारखी गोल वेटोळी १८४० नंतरच्या दशकात लंडनच्या आर्थर हिल हॅसॉल ह्याने वर्णिली, आणि ती आजही त्याच्या नावाने ओळखली जातात. हाच हॅसॉल पुढे त्याच सूक्ष्मदर्शकाने लंडनच्या बाजारातील कॉफीत चिकोरी व पावात तुरटी पकडून देऊन व्यापाऱ्यांच्या शिव्यांचा धनी झाला. भेसळ ओळखणे हाच त्याचा पिंड होता असे म्हणावे लागते, आणि थायमसचे अर्बुद म्हणजे भेसळीचाच मामला. अर्बुदातही ह्या दोन्ही पेशी दिसतात, आणि मारक कोणती व निरुपद्रवी कोणती हे पाहून कळत नाही. कधी लसिकापेशींची एवढी गर्दी असते की गाठ लसिकापेशींच्या कर्करोगाची वाटते. त्याचा उपचार सर्वस्वी निराळा. उलट, पुष्कळदा दोन्ही पेशी इतक्या सोज्ज्वळ दिसतात की वैद्याने निर्धास्तपणे 'सौम्य' असा शेरा मारावा, आणि दहा-बारा वर्षांनी तीच गाठ फुप्फुसांच्या आवरणावर पसरून परत यावी.

लसिकापेशींचे हे कोडे सुटले ते १९६१ साली, आणि तेही अर्बुदाच्या मार्गाने नव्हे. तोवर थायमसचा उपयोग काय, हेच कोणास माहीत नव्हते. मोठ्या माणसाची थायमस काढली तरी तत्काळ काही बिघडत नाही, म्हणून तिला गतार्थ मानीत. लंडनमध्ये काम करणारा तरुण संशोधक जॅक मिलर ह्याने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या थायमस काढल्या. ती पिले पुढे रोगांना बळी पडू लागली, आणि परक्या उंदराच्या कातडीचे ठिगळ त्यांच्या अंगावर न सुकता जगू लागले. परके ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात उरली नव्हती. ज्यास आज आपण टी-पेशी म्हणतो, त्यातील 'टी' हे थायमसचे आद्याक्षर. तेथील लसिकापेशी अस्थिमज्जेतून येतात, शिकून तयार होतात व बाहेर पडतात. जणू पाठशाळेतील विद्यार्थीच. पीटर मेडावरसारख्या नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञानेही प्रथम हे मानले नाही आणि थायमसमध्ये लसिकापेशी असणे ही उत्क्रांतीतील एक बिनमहत्त्वाची घटना ठरेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. मिलरच्या शोधानंतर थायमोमातील गर्दीचा अर्थ लागला. त्यातील बहुतेक लसिकापेशी अर्बुदाच्या नसून अर्बुदात वस्तीस आलेल्या विद्यार्थ्यांच्या असतात. बिघडलेली असते ती शाळेची इमारत.

इमारत बिघडली तर शिक्षणही बिघडते. १९०१ मध्ये फ्रांकफुर्टच्या लाकर व व्हायगर्ट ह्यांनी मायस्थेनिया नावाच्या विचित्र व्याधीने मेलेल्या एका रोग्याच्या छातीत थायमसचे अर्बुद असल्याचे वर्णिले होते. ह्या व्याधीत सकाळी उघडे असलेले डोळे संध्याकाळी मिटू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो, आणि अखेरीस श्वासाचे स्नायूही. १९१७ मध्ये बेल ह्याने अशा छप्पन्न शवविच्छेदनांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे निम्म्यांत थायमस विकृत आढळली. १९३६ साली नॅशव्हिल येथे आल्फ्रेड ब्लालॉक ह्यांनी ह्या व्याधीने जर्जर झालेल्या एका तरुणीच्या छातीतून थायमसची गाठ काढली. ती सुधारली, ब्लालॉक ह्यांनी तीन वर्षे वाट पाहून मगच ती हकिकत छापली. स्वतःच्याच स्नायूंविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करीत असावे, असा तर्क १९६० मध्ये स्कॉटलंडच्या सिंप्सनने मांडला आणि पुढील पंधरा-सोळा वर्षांत तो खरा ठरला. मायस्थेनियाच्या शंभर रोग्यांपैकी दहा-पंधरांस थायमोमा निघतो, आणि थायमोमाच्या रोग्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांस मायस्थेनिया असतो. म्हणून आजही पापण्या गळणाऱ्या रोग्याच्या छातीचे चित्र काढल्यावाचून जाणता वैद्य राहत नाही.

मग 'थायमोमा' नावाच्या पोत्यातील इतर माल एकेक करून बाहेर निघू लागला. ह्या कामी बॉस्टनच्या बेंजामिन कॅसलमन ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९५६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा रोग्यांची हकिकत छापली. ह्या सर्वांच्या छातीतील गाठी थायमोमा वाटल्या होत्या. वस्तुतः त्या फुगलेल्या लसिकाग्रंथी होत्या, आणि काढल्यावर रोगी बरे झाले होते. हा विकार आता कॅसलमन ह्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. थायमोमाचा आणखी एक प्रकार, ज्यात गाठीगाठींतून तंतूंचे जाळे माजते, तो हॉजकिनचा रोग असल्याचे हळूहळू मान्य झाले. वृषणातील अर्बुदासारखा दिसणारा प्रकार हा गर्भावस्थेत वाट चुकून छातीत राहिलेल्या जननपेशींचा निघाला. तो औषधांस व किरणांस उत्तम दाद देतो. १९७२ मध्ये हुआन रोसाई व हिगा ह्यांनी ओळखले की काही 'थायमोमा' हे संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचे, कार्सिनॉइड जातीचे आहेत. ह्यांतील काही रोग्यांचे तोंड सुजून गोल होते, त्याचे कारण तेव्हा उलगडले. १९७६ मध्ये रोसाई व लव्हाइन ह्यांनी ठरविले की ह्यापुढे 'थायमोमा' हे नाव केवळ अस्तर-पेशींच्या अर्बुदास द्यावे. नावाची हद्द आखण्याचे हे काम दिसावयास रुक्ष. पण पोत्यात हात घालून चुकीची चिठ्ठी निघाली तर ज्याला औषधाने बरे करता आले असते त्याची छाती फाडली जाई, आणि ज्याची गाठ समूळ काढावयास हवी तो औषधे घेत बसे.

उरलेल्या खऱ्या थायमोमाचे भविष्य कसे वर्तवावयाचे? पेशींच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही, हे १९६१ मध्ये मेयो क्लिनिकच्या बर्नात्स व सहकाऱ्यांनी १३८ रोग्यांच्या आधारे दाखविले: गाठीचे वेष्टन शाबूत आहे की ते फोडून ती शेजारी घुसली आहे, हे सूक्ष्मदर्शकाहूनही शस्त्रवैद्याच्या बोटांनी आधी सांगावे. १९८१ मध्ये जपानच्या मासाओका ह्यांनी ह्याच तत्त्वावर चार पायऱ्या आखल्या. ह्यामुळेच वेष्टनात नीट बसलेल्या गाठीत उगाच सुई घालू नये असे पुष्कळ शस्त्रवैद्य मानतात. सुईस जो तुकडा लागेल तोही विद्यार्थ्यांचाच असण्याचा संभव अधिक, आणि वेष्टनास भोक पडते ते निराळेच. पेशींवरून वर्गीकरण करणाऱ्या दोन पंथांत मात्र इतके हाडवैर माजले की १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मंडळाने, रोसाई ह्यांच्या अध्यक्षतेखाली, अर्थाचे नावच टाळून रोमन अक्षरांतील वर्ग ठरविले: ए, एबी, बी-१, बी-२, बी-३ आणि सी. सेवेतील वर्गांची अक्षरे घोकण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस ही तडजोड चटकन कळेल. पुढे 'सी' हा वर्ग गेला व त्यास उघडपणे थायमसचा कर्करोग म्हणू लागले; आणि थायमोमाचा कोणताही वर्ग निर्धास्तपणे सौम्य मानू नये, हेही हळूहळू स्थिरावले. २०१४ मध्ये ह्या अर्बुदांत, विशेषतः 'ए' वर्गात, वारंवार आढळणारा एक जनुकबदल सापडला, तेव्हा ही अक्षरे केवळ तडजोड नव्हती असे दिसून आले.

प्रौढांच्या छातीत उरलेली थायमस निरुपयोगी, ही समजूतही आता डळमळली आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट करण्यासाठी ती बिनदिक्कत काढून टाकण्याची रीत होती. २०२३ मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी थायमस काढलेल्या ११४६ प्रौढांचे कागद तपासले आणि तशाच शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्या रोग्यांशी ते ताडून पाहिले. पाच वर्षांत पहिल्या गटात शेकडा ८.१ मृत्यू झाले, दुसऱ्यात शेकडा २.८; कर्करोगाचे प्रमाणही पहिल्यात अधिक. केवळ कागदांवरून काढलेल्या ह्या निष्कर्षास मर्यादा आहेतच. तथापि संशयावरून थायमस काढावी आणि आत अर्बुद नव्हतेच असे निघावे, हे प्रसंग आजही विरळा नाहीत. त्यामुळे हे आकडे दुर्लक्षून चालणार नाही.

संशय उत्पन्न करण्यास आता सीटी स्कॅन व पेट स्कॅन आहेत. कर्करोगावरील कडक औषधांनी थायमस दुष्काळी मुलाच्या थायमसप्रमाणे आक्रसून जाते. औषधे थांबली, अंगावर मांस आले, की काही महिन्यांत ती उसळून वर येते, कधी पूर्वीहूनही मोठी होते, आणि पेट स्कॅनमध्ये दिव्यासारखी चमकते. ज्याने पूर्वीचे आक्रसलेले चित्र माप म्हणून हाती धरले, त्यास ही वाढ भयंकर वाटणारच. एमआरआयच्या एका विशिष्ट पद्धतीने ग्रंथीत मिसळलेली चरबी दिसू शकते; अर्बुदात ती सहसा नसते. परंतु लहान मुलांच्या थायमसमध्ये मुळातच चरबी थोडी, म्हणून तेथे ही खूणही पुरी पडत नाही.

आमच्या परिचयातील एक अधिकारी दूर पूर्वेकडील एका शहरी बदलून गेले होते. तेथे त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीस लसिकापेशींचा कर्करोग निघाला व औषधांनी तो आटोक्यातही आला. चार महिन्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये छातीच्या हाडामागे रुंद, चमकणारी छाया दिसली. रोग उलटल्याची शंका, शस्त्रक्रियेने तुकडा काढावा, असा शेरा एका इस्पितळाने दिला. परमुलखात भाषा अर्धवट येणारी, घरची वडील माणसे हजार मैलांवर. त्या रात्री त्यांनी आम्हांस जो दूरध्वनी केला त्यात शब्द थोडेच होते. दुसऱ्या दिवशी ते तो लिफाफा घेऊन एका वृद्ध क्ष-किरणतज्ज्ञाकडे गेले. त्याने चित्रे दिव्यापुढे धरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या: मुलीचे वय काय, औषधांचा शेवटचा हप्ता कोणत्या तारखेस झाला, आणि तेव्हापासून तिचे वजन किती वाढले. वजन नऊ किलोंनी वाढले होते. त्याने आजारापूर्वीचे एखादे चित्र आहे का असेही विचारले. शाळेत असताना खोकल्यासाठी काढलेली एक जुनी फिल्म ट्रंकेत सापडली, ती पाहून तो म्हणाला, तीन महिने थांबा. तीन महिन्यांनी छाया निम्म्यावर आली होती.